पदकावरची होडी

१

होडी कुठे गेली, हे पहिल्यांदा विचारलं कलाकार बाईंनी, आणि तेही इतक्या साध्या आवाजात, की सभागृहात खुर्च्या मांडणारी माणसं खुर्च्या मांडतच राहिली.

समारंभ संध्याकाळी होता. व्यासपीठाच्या मागे भिंतभर पडदा लावलेला, आणि पडद्यावर पदकाचं हे एवढं मोठं चित्र. युद्धातली ती प्रसिद्ध पाणबुडी पाण्यावर आलेली, लांब मागे शत्रूचं जहाज नाक वर करून बुडतंय, आणि दोघांच्या मधे एक छोटीशी होडी. होडीत बुडत्या जहाजातून वाचलेली माणसं. पाणबुडीवरून त्यांच्याकडे दोर फेकलाय आणि त्यांनी तो धरलाय. शत्रूलाही दोर देणारी पाणबुडी. ही गोष्ट शाळेपासून सगळ्यांनी ऐकलेली.

बाईंनी हातातलं पदक वर धरलं, पडद्याकडे बघितलं, परत पदकाकडे बघितलं.

"पाणबुडी आहे. जहाज आहे. होडी नाहीये."

डबे मांडणारी किल्ली हातातला डबा तसाच धरून पदकाकडे बघायला लागली.

किल्ली म्हणजे पदकांच्या कारखान्यातली मुलगी. साच्यांचं कपाट तिच्या ताब्यात, त्याची किल्ली चोवीस तास गळ्यात, म्हणून किल्ली. प्रेसही तीच चालवायची. ही पदकं कालच तिने ठोकली होती, एकेकाची कड अंगठ्याने चाचपून डब्यात ठेवली होती. कड चाचपायची, तडा बघायचा, पुढचं घ्यायचं. चित्रात काय आहे नि काय नाही हे बघणारी माणसं वेगळी होती, शिकलेली होती. आता ती सगळी माणसं तिच्याकडे बघत होती.

"डबे उघडा," पाणबुडी संघाचे अध्यक्ष म्हणाले. त्यांचे वडील त्या पाणबुडीचे कप्तान होते. अध्यक्ष डबे उघडत गेले, आणि प्रत्येक डब्यातून समुद्र निघाला, नुसता समुद्र. जिथे होडी असायला हवी तिथे लाटा.

"माझ्या वडिलांनी त्या माणसांचा जीव वाचवला," ते म्हणाले, "आणि तुम्ही तेवढंच पुसलंत. हा योगायोग नाही."

मालकांचे जावई पुढे झाले. सासरे आजारी पडल्यापासून कारभार त्यांच्याकडे होता, आणि कारभाराइतकाच घामही. "साहेब, सगळी पदकं ठोकण्याआधी आम्ही शिशाचा एक नमुना काढून बघतो. त्यात होडी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर साचा गेला कपाटात." मग ते थांबले, आणि अगदी हळूच म्हणाले, "आणि कपाटाची किल्ली एकाच गळ्यात असते."

"मी नाही केलं," किल्ली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"मग कुणी केलं?"

तिने आजूबाजूला बघितलं. तिचे मामा, कारखान्याचे कोरणारे, आयुष्यभर पोलादावर चित्रं कोरलेला माणूस, खांबाला टेकून उभे होते, मूग गिळून. पहिल्या रांगेत एकच खुर्ची भरलेली होती. तिच्यावर आजचे प्रमुख पाहुणे. त्या पाणबुडीवरचे शेवटचे जिवंत खलाशी, सगळे त्यांना आजोबाच म्हणायचे. तिने त्यांच्याकडे बघितलं. आजोबा आपल्या बुटांकडे बघत होते.

"कार्यक्रम सुरू होताना मी व्यासपीठावरून नाव घेणार," अध्यक्ष म्हणाले. "ज्याने केलं त्याचं नाव, सगळ्या शहरासमोर. मग पोलीस. तुम्ही मला नाव द्या."

"नाव आहेच आपल्याकडे," जावई म्हणाले.

या धंद्यात साचे सांभाळणाऱ्याकडे एकच भांडवल असतं. लोक म्हणतात, हिच्याकडे दिलेला साचा जसाच्या तसा परत मिळतो, बस. ते एकदा गेलं की कुठलाही कारखाना दारात उभं करत नाही. आणि संध्याकाळी माइकवरून किल्लीचं नाव ऐकू येणार होतं.

"घाई कसली एवढी," दारातून कुणीतरी म्हणालं. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर ती जेवणानंतरही देता येते."

२

ती आक्का होती. मालकांची थोरली बहीण, जन्म पोलिसांच्या तपास खात्यात गेलेला, आता कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहणारी. खाली कधी उतरायची नाही, कारण प्रेसच्या दणक्यांनी तिचं डोकं दुखायचं. आज प्रेस बंद होती म्हणून उतरली, नि सभागृह रस्त्याच्या पलीकडेच, म्हणून आली.

"मला पदकांतलं ओ का ठो कळत नाही," तिने आल्या आल्या जाहीर केलं. "त्यामुळे मी मूर्खासारखं विचारणार, आणि तुम्ही लहान मुलाला सांगतात तसं सांगायचं. तू चल माझ्याबरोबर."

"मी?" किल्लीने विचारलं.

"आरोपी बरोबर असला की शोधत बसावं लागत नाही."

पहिल्या कलाकार बाई. चित्र त्यांचं होतं. आधी त्यांनी ताटाएवढा प्लॅस्टरचा नमुना घडवला होता, आणि त्या वेळी होडीवरून त्यांचं नि संघाचं जोरदार भांडण झालं होतं, हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

"तुम्हाला होडी नकोच होती म्हणे," आक्का म्हणाली.

"नव्हतीच. रिकामा समुद्र जास्त भयाण दिसतो. होडी घातली की ते चित्र राहत नाही, जाहिरात होते." बाई जराही बिचकल्या नाहीत. "पण मला काढायची असती तर मी माझ्या प्लॅस्टरमधून काढली असती, नखाने निघाली असती. त्या पडद्यावर तोच नमुना आहे. बघा, आहे की नाही होडी?"

"बरं, प्लॅस्टरनंतर?"

"मशीन त्यावरून पोलादात लहान चित्र कापतं, पदकाएवढं. त्याला मूळ ठसा म्हणतात. तो मी बघितला, होडी होती, माणसं होती, दोर होता. मग मी गेले. पुढचं काम मामांचं. ते बारीकसारीक साफ करतात, मग पाहुणा हात लावतो, मग भट्टीत घालून ठशाला पाणी देतात, म्हणजे पोलाद कडक होतं."

"पाहुणा हात लावतो म्हणजे?"

"यांच्याकडची जुनी रीत आहे," बाई म्हणाल्या. "ज्याच्या पराक्रमाचं पदक, त्याने भट्टीआधी ठशावर एकदा कोरणी फिरवायची. नुसती टेकवायची, मानाची म्हणून. तेव्हा खोलीत दुसरं कुणी थांबत नाही. फार हळवं होतं सगळं, लोक रडतात वगैरे."

आक्काने मान हलवली, जशी ती सगळ्यालाच हलवत होती. मग तिने डब्यातलं एक पदक बाईंपुढे धरलं. "ही रिकामी जागा जरा भिंगातून बघा. काय दिसतं?"

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"लाटा चांगल्या आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या नाहीत. माझी लाट गोल येते, मामांचीही गोल येते. ही सरळ आहे, छोटे छोटे फटके, एकावर एक तिरपे. पण एकसारखे. ज्याने केलंय त्याचा हात पक्का आहे आणि नजरही." भिंग खाली आलं आणि नजर किल्लीवर गेली. "तुझे मामा तुला कोरायला शिकवतात ना गं?"

शिकवत होते. गेल्या वर्षीपासून, दुपारच्या सुट्टीत, पितळेच्या तुकड्यांवर. आणि तिच्या लाटा अजून गोल यायच्या नाहीत.

३

रस्ता ओलांडून दोघी कारखान्यात आल्या. किल्लीचे पाय आपोआप प्रेसच्या खोलीकडे वळले. तिथे तिला जरा श्वास घेता येत होता, तेल नि धातूच्या वासात.

"आक्का, मी खरंच नाही केलं."

"ते मला माहीत नाही. मला अजून हेच कळलं नाही की केलं कसं." आक्काने हात धुवायच्या जागेवरचा साबण उचलून तिच्यापुढे ठेवला. "समज हे मऊ पोलाद. मला साचा करून दाखव."

किल्लीने खिशातून नाणं काढलं. "हा मूळ ठसा समजा. यावर चित्र वर आलेलं असतं, पदकावर येतं तसंच." तिने नाणं साबणात दाबलं आणि अलगद काढलं. "हा झाला साचा. आता सगळं उलटं. नाण्यावर जे वर, ते इथे खोल. यात धातूची चकती ठेवून प्रेसचा दणका दिला की धातू या खड्ड्यांत शिरतो, म्हणून पदकावर परत वर येतो."

"म्हणजे पदकावर होडी वर आलेली हवी, तर साच्यात होडीचा खड्डा हवा."

"हो."

"आणि मला पदकावर एक जास्तीची होडी पाहिजे असेल तर?"

"सोपं आहे. साच्यात आणखी एक खड्डा कोरायचा."

"आणि असलेली होडी घालवायची असेल तर?"

"तर साच्यातला खड्डा बुजवाय..." किल्लीचं वाक्य तिथेच अडलं.

ती साबणाकडे बघत राहिली. मग तिने बोटाने साबणाचा चुरा त्या खड्ड्यात भरला, दाबला. चुरा लगेच सुटून आला. साबणातच सुटतो, तर पोलादात काय होईल? प्रेसचा दणका हत्तीच्या पावलासारखा पडतो. साच्याच्या खड्ड्यात काहीही भरा, वितळवून भरा, डाग देऊन भरा, चार पदकांत उखडून बाहेर येतं. आणि ती तर शेकडो पदकं होती, सगळी एकसारखी, त्या जागी सुबक लाटा.

"साच्यातून पोलाद काढता येतं," ती हळूहळू म्हणाली. "साच्यात परत घालता येत नाही. इथे कुणालाही विचारा. पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मग कुणाला सुचलं का नाही?"

"आम्ही सगळे पदकाकडेच बघत होतो. पदकावरची होडी खरवडून टाकता येईलशी वाटते. साचा कुणी डोळ्यांपुढे आणलाच नाही." ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. "म्हणजे माझ्या कपाटात साचा आला तेव्हाच त्यात होडी नव्हती. आक्का, मी सुटले."

"अजून नाही. तुझे साहेब म्हणतात शिशाच्या नमुन्यात होडी होती. तो नमुना याच साच्याचा ना?"

"याच."

"मग दोन्ही खरं असू शकत नाही." आक्काने जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "जावईबापू, जरा येता का खाली?"

जावई आले. आक्काने त्यांना नमुना बघायला मागितला, फक्त एकदा, हातात घेऊन.

"तो... वितळवला, आत्याबाई. शिसं परत वापरतो आपण."

"कशावर काढला होता? प्रेस तर ही चालवते."

जावयांनी किल्लीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "वेळ कुठे होता? संघाचा रोज फोन. एक दिवस वाचला असता म्हणून मी..."

"म्हणून काढलाच नाही."

"सासऱ्यांना कळलं असतं की नमुना न बघता पदकं ठोकली, तर..."

"तर ते रागावले असते. म्हणून तुम्ही या पोरीला पोलिसांत देणार होतात." आक्काचा आवाज वर गेला नाही, पण जावयांनी दोन पावलं मागे घेतली. "जा आता, पाणी प्या."

ते गेले. किल्लीने भिंतीला पाठ टेकली. तिला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, फक्त निमिषभर. कारण मग पुढचा विचार आला, आणि तो असा आला की जणू कुणी मागून थंडगार हात ठेवला मानेवर. साच्यातून होडी गेली नसेल, तर ती आधीच गेली होती. मूळ ठशावरून. ठशावर चित्र उंच असतं, तिथे ते घासून टाकता येतं.

आणि मूळ ठसा होता मामांच्या टेबलावर.

४

मामा सगळ्या कारखान्याचे मामा होते, पण तिचे खरे, आईचे सख्खे भाऊ. त्यांनीच तिला इथे लावलं होतं. त्यांच्या खोलीत शिरताना ती आक्काच्या मागे लपल्यासारखी चालत होती.

"या आक्का," मामा म्हणाले. "खुर्चीवरचं फडकं उचला नि बसा."

आक्का बसली. पिशवीतून तिने पारदर्शक झाकणाची एक डबी काढून त्यांच्या हातात दिली. "मामा, हे पदक बघा. मला सांगा, काम कसं झालंय."

मामांनी डबी खिडकीच्या उजेडात धरली, थोडी तिरकी केली, जाणकारासारखी मान हलवली. "पाणबुडी झकास उठलीय. मागचं जहाजही. होडी गेली नसती तर काय बिशाद होती कुणाची बोट ठेवायची."

किल्लीने डबीत डोकावलं. डबीतलं पदक शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेचं होतं. त्यावर उडी मारणारी मुलगी होती.

"मामा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही."

मामांनी डबी खाली ठेवली. बोटांनी टेबलाची कड शोधली, मग धरली.

"मोतीबिंदू," ते म्हणाले. "दोन्ही. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. मी म्हटलं हे एवढं काम होऊ दे. कोरणाऱ्याला दिसत नाही हे कळलं, की ऑपरेशन होईपर्यंत खुर्चीवर दुसरा बसलेला असतो." मग ते घाईघाईने बोलायला लागले. "मीच घासली असणार होडी. ठसा साफ करताना. सकाळीच समजलं मला, साच्यातून जाणं शक्यच नाही, म्हणजे माझ्याच हातून गेली. तोंड उघडणार होतो. ते लोक तुझ्यावर तुटून पडले, आणि मी खांबाला धरून उभा. भाची म्हणतो तुला. चला आक्का, माझं नाव द्या त्या माणसाला."

किल्लीला वाटलं, जमीन दुभंगावी. सकाळपासून ती एकच मागत होती, दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघू दे. हे असं निघायला नको होतं.

"माझंच देऊ या," ती म्हणाली. "मी तरुण आहे, दुसरीकडे काहीतरी बघेन."

"वा," आक्का म्हणाली. "सकाळी एकही गुन्हेगार नव्हता, आता दोन झाले. दोघंही गप्प बसा. मामा, ठसा साफ करताना नक्की काय केलंत?"

"नुसतं फडकं मारलं, ब्रश फिरवला. कोरणी हातात घेतली, पण टेकवायची भीती वाटली."

"समजा चुकून टेकली आणि होडी घासली गेली. तिथे काय दिसेल?"

"सपाट डाग. ओरखडा."

"आणि प्रत्यक्षात तिथे लाटा आहेत. बारीक, एकसारख्या. बाई म्हणतात पक्का हात, पक्की नजर. तुमचा हात पक्का आहे, पण तुम्ही आत्ता पोहणाऱ्या मुलीला पाणबुडी म्हणालात." तिने डबी पिशवीत टाकली. "या खोलीत आणखी कोण एकटं बसलं होतं?"

मामांनी मान वर केली. त्यांची ती ढगाळ नजर किल्लीला शोधत होती.

"नाही," ते म्हणाले. "तसं कसं असेल? तो त्यांचा मान असतो."

"आणि पाहुण्याने हात लावल्यावर ठसा कोण तपासतं?"

"कुणी नाही. पाहुण्याच्या हातावर भिंग धरायचं नसतं. थेट भट्टीत. मालकांच्या आजोबांपासून तसंच आहे."

किल्लीला तो दिवस आठवला. ती चहा घेऊन दाराबाहेर उभी होती. चहा गार झाला, तिने परत गरम करून आणला, तोही गार झाला. मामा म्हणाले होते, राहू दे, म्हातारा माणूस आहे, मन भरून आलं असेल.

५

सभागृह भरायला लागलं होतं. व्यासपीठाच्या मागच्या छोट्या खोलीत आजोबा एकटेच बसले होते, छातीवर जुनी पदकं, गुडघ्यावर टोपी. आक्काने दार लोटून घेतलं.

"पाणबुडीवर तुम्ही काय होतात, आजोबा?"

"फिटर." त्यांनी वर बघितलं, आक्काकडे, मग किल्लीकडे, आणि त्यांना कळलं. ते किल्लीला चेहऱ्यावरून कळलं. "इंजिनाची बेअरिंगं घासून बसवायचो. आडवे तिडवे छोटे फटके मारायचे, म्हणजे तेल धरून राहतं. हाताला सवय आहे. लाटाही तशाच आल्या. मला गोल जमत नाही."

बाहेर माइकमध्ये कुणीतरी फुंकर मारत होतं.

"होडी होती," आजोबा म्हणाले. "दोर नव्हता. वरच्या दाराच्या झाकणाची रबरी पट्टी दुरुस्त करायला मी वर होतो, म्हणून मला दिसलं. होडी इतकी जवळ आली होती की त्यांची तोंडं दिसत होती. एकाने हात पुढे केला, दोर पकडायला करतात तसा. वरून विमानाचा आवाज आला. कप्तानांनी बुडी मारायचा हुकूम दिला. आम्ही पाण्याखाली गेलो. एवढ्या जवळून पाणबुडी बुडाली की छोट्या होडीचं काय होतं, ते मी नंतर कधी कुणाला विचारलं नाही."

"कप्तान चुकले?" आक्काने विचारलं.

"माहीत नाही. थांबलो असतो तर कदाचित आम्ही मेलो असतो. घरी आल्यावर कुणीतरी दोराची गोष्ट सांगितली. कप्तान नाही म्हणाले नाहीत. मग मीही नाही म्हणालो नाही. दरवर्षी टाळ्या वाजायच्या, मी उभा राहून हात जोडायचो." त्यांनी टोपी उलटी केली, परत सुलटी केली. "पण पोलादात बघितलं आणि वाटलं, आता हे कायमचं होणार. म्हणून दोर घासायला घेतला. दोर गेला. आणि मग त्या माणसांचे हात रिकामे दिसायला लागले. पुढे केलेले, रिकामे. ते मला बघवलं नाही. म्हणून होडीच घासली."

आक्काचं काम झालं होतं, पण किल्लीचं नव्हतं.

"हे बाहेर सांगाल?" आक्का म्हणाली.

"अध्यक्ष समोर बसलेत. त्यांच्या बापाची गोष्ट आहे. आणि ज्यांच्याबरोबर मी त्या पाणबुडीत झोपलो, जेवलो, त्यांच्याबद्दल मी आता उरलो म्हणून असं बोलू? मशीन बिघडलं म्हणा. कारखान्याने माफी मागितली की झालं."

"मशीन व्यासपीठावर उभं करता येत नाही," आक्का म्हणाली. "त्यांना माणूस पाहिजे. आणि माणूस त्यांनी सकाळीच ठरवलाय."

आजोबांनी डोळे मिटले. मोठ्या माणसांशी असं बोलायची किल्लीला सवय नव्हती. तरी ती बोलली.

"आजोबा, सकाळी तुम्ही पहिल्या रांगेत होतात."

"हो."

"मला सगळे विचारत होते. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला मी दिसत होते ना?"

"दिसत होतीस."

"किती जवळ होते मी?"

आजोबांनी डोळे उघडले. बाहेर अध्यक्षांचा आवाज सुरू झाला, स्वागत, आभार, एक दुःखद प्रकार. किल्ली दाराकडे वळली, कारण आता नाव घेतलं जाणार आणि तिथे उभं राहायला हवं, असं तिला वाटलं. पळून गेलो असं कुणी म्हणायला नको.

"थांब," आजोबा म्हणाले. "मला त्या पायऱ्या चढवत नाहीत. हात दे."

६

तीन पायऱ्या होत्या, पण त्या चढायला त्यांना वेळ लागला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्षांनी बोलणं थांबवून आदराने माइक पुढे केला.

आजोबांनी हात जोडले नाहीत. टाळ्या संपेपर्यंत वाट बघितली.

"पदकावरची होडी मी काढली," ते म्हणाले. "माझ्या हाताने. या मुलीचा, तिच्या मामाचा, कारखान्याचा काही संबंध नाही. हिच्यावर सकाळी आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. ते आधी सांगतो, कारण ते आजचं आहे. आता जुनं सांगतो."

आणि सांगायला लागले. विमान, हुकूम, झाकणाची पट्टी, पुढे आलेला हात. अध्यक्ष दोनदा माइककडे सरकले. एकदा ते म्हणाले, "आजोबा, तुमची तब्येत बरी नाही," आणि माइक हातातून घ्यायला गेले. पण फिटरची पकड होती ती. निघाला नाही.

"तुझे वडील वाईट नव्हते रे," आजोबा त्यांना म्हणाले, माइक तोंडापुढेच असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "घाबरले होते. आम्ही सगळेच."

अध्यक्ष उभेच राहिले. मग बाजूच्या खुर्चीवर बसले, हात मांड्यांमध्ये धरून, एखाद्या लहान मुलासारखे.

किल्ली पायरीवर होती. खाली जावई हाताने खुणावत होते, ये, ये, झालं, सुटलीस. मामांना आक्काने दंडाला धरून कडेच्या खुर्चीवर बसवलं होतं. सगळं निस्तरलं होतं. तिला आता कुणी काही विचारणार नव्हतं, घरी जाऊन आईला सांगायचं, जेवायचं, झोपायचं. पण ती तिथेच पायरीवर बसली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, अगदी घरात विचारतात तसं, "होडीत कोण कोण होतं, आजोबा?"

आजोबांनी मान वळवून आवाजाच्या दिशेने बघितलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पुढच्या टोकाला एक दाढीवाला होता," ते म्हणाले. "त्याच्या अंगावर सदरा नव्हता, त्याने तो कुणाच्या तरी डोक्याला बांधला होता. त्याच्या मागे दोन पोरं, भाऊ असावेत, एकसारखी नाकं. मग एक स्वयंपाकी, त्याने अजून एप्रन घातलेला होता."

किल्ली पायरीवर बसून ऐकत राहिली. आजोबा एकेका माणसाशी थांबत होते, आठवत होते, आणि मग पुढच्याकडे जात होते.